कडेच्या माणसाचा चेहरा : अतिरुंद भिंगांची शंभर वर्षं



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांच्या मनात आलं असेल, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस कॅमेऱ्याच्या भिंगांवर काय बोलणार? शंका रास्त आहे. पण भिंग ही वस्तू तत्त्वज्ञानाला परकी नाही. स्पिनोझा भिंगं घासून पोट भरत असे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मला आज विचारायचा प्रश्न मात्र अगदी साधा आहे. एखादा फोटो ‘खरा’ आहे असं आपण म्हणतो, तेव्हा तो कशाशी खरा असतो? आणि त्या चौकटीत मधे बसलेल्या माणसाशी आणि कडेला उभ्या असलेल्या माणसाशी तो सारखाच खरा असतो का?

या प्रश्नासाठी मी एक नेमकी वस्तू निवडली आहे. रेंजफाइंडर जातीच्या कॅमेऱ्यांवर लावायची जुनी अल्ट्रा-वाइड लेन्स. म्हणजे 21 मिलिमीटर, 20 मिलिमीटर आणि अगदी टोकाची 15 मिलिमीटर. आकडे ऐकून बिचकू नका. लहान फिल्मची चौकट 36 बाय 24 मिलिमीटरची असते. तिच्यावर नेहमीची 50 मिलिमीटरची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे 47 अंशांचा तुकडा पाहते. 28 ची लेन्स 75 अंश पाहते, 21 ची साधारण 92, आणि 15 ची 110 अंश. खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकून उभे राहा. समोरच्या दोन भिंती एकमेकींशी 90 अंशांत असतात. त्या दोन्ही भिंती एका चौकटीत घ्यायच्या, तर 21 ची लेन्ससुद्धा तिरकी धरल्याशिवाय पुरत नाही. आमच्या चाळीच्या खोल्यांत असा फोटो काढू पाहणाऱ्याला हा हिशेब न शिकवताच समजतो.

आता आधी कॅमेरा. रेंजफाइंडर म्हणजे काय, तर अंतरमापक जोडलेला कॅमेरा. त्याच्या अंगावर एकमेकींपासून थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात. दोन्ही खिडक्यांतून येणाऱ्या प्रतिमा डोळ्यापुढे एकत्र येतात. लेन्सची कडी फिरवत गेलं की त्या सरकतात, आणि एकमेकींवर बरोबर बसल्या की अंतर जुळलं. हा सगळा त्रिकोणाचा हिशेब आहे, सर्वेक्षक करतात तोच. 1932 साली लायकाने आणि त्याच वर्षी झाइसच्या कॉन्टॅक्सने ही यंत्रणा लेन्सला जोडून दिली. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की इथे डोळा लेन्समधून पाहतच नाही. तो शेजारच्या खिडकीतून पाहतो. त्यामुळे लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा लागत नाही.

एसएलआर कॅमेऱ्यात हा आरसा असतो. लेन्समधून आलेली प्रतिमा तो वर डोळ्याकडे पाठवतो आणि बटण दाबलं की उचलला जातो. त्याला हलायला जागा हवी. म्हणून 1959 च्या निकॉन एफ कॅमेऱ्यात लेन्स बसवायच्या कडीपासून फिल्मपर्यंतचं अंतर 46.5 मिलिमीटर आहे. लायका एम कॅमेऱ्यात ते 27.8 मिलिमीटर आहे, आणि तिथे आरसा नसल्यामुळे लेन्सची शेपटी त्याहूनही आत, फिल्मच्या अगदी जवळ जाऊ शकते. हे ऐकायला किरकोळ तांत्रिक वाटतं, पण सगळी गोष्ट याच रिकाम्या जागेवर उभी आहे. 21 मिलिमीटरची साधी, सममित लेन्स फिल्मच्या जवळच बसली पाहिजे. आरशाच्या घरात तिला जागा नाही. निकॉनने स्वतःची 21 ची लेन्स निकॉन एफवर बसवायला दिली, तेव्हा आरसा कायमचा वर अडकवून ठेवावा लागे, आणि पाहण्यासाठी वेगळी खिडकी माथ्यावर लावावी लागे. म्हणजे एसएलआरला त्या लेन्सपुरतं रेंजफाइंडरसारखं वागावं लागलं.

‘सममित’ हा शब्द मी आत्ता वापरला, तो जरा उलगडतो. लेन्सच्या मधोमध प्रकाशाचं एक दार असतं, त्याला ॲपर्चर म्हणतात. दाराच्या पुढे जशी काचांची मांडणी, तशीच आरशातल्या प्रतिबिंबासारखी मागे केली, तर पुढच्या काचांनी केलेली काही चूक मागच्या काचा उलट दिशेने करतात आणि दोन्ही फिटतात. सरळ रेषा वाकण्याचा दोष तर फारच छान फिटतो. म्हणून या जुन्या लेन्सने काढलेल्या इमारतीची भिंत फोटोच्या कडेलाही सरळच राहते. अशा लेन्सला मी आज ‘सरळ रेषेशी इमान राखणारी’ म्हणेन. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढे हेच इमान अडचणीचं ठरणार आहे.

रुंद पाहण्याची हौस फार जुनी आहे. 1859 साली इंग्लंडमध्ये थॉमस सटन यांनी पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्याची लेन्स केली. तिला गोलाकार वाकवलेल्या काचपट्ट्या लागत. 1862 साली न्यूयॉर्कमध्ये हॅरिसन आणि श्निट्झर यांनी ‘ग्लोब’ लेन्स केली. तिच्या बाहेरच्या दोन्ही पृष्ठभागांना जोडून पाहिलं तर एक चेंडू होतो. आणि मग 1900 साली बर्लिनच्या गोएर्झ कारखान्यात एमिल फॉन होएग यांनी ‘हायपरगॉन’ केली. दोनच पातळ वाटोळ्या काचा, अर्ध्या चेंडूसारख्या एकमेकींसमोर धरलेल्या, आणि दृष्टी सुमारे 135 अंशांची.

या हायपरगॉनने आपला पहिला प्रश्न उघड केला. कडेला अंधार. का, ते सांगतो. देवळात गाभाऱ्यासमोर नीट मधे उभं राहिलं तर गाभाऱ्याचं दार पूर्ण रुंद दिसतं. सभामंडपाच्या कोपऱ्यात जाऊन पाहा, तेच दार चिंचोळं दिसतं. लेन्समध्ये तसंच होतं. कोपऱ्यातल्या फिल्मला प्रकाशाचं दार चिंचोळं दिसतं. ही एक कपात. दुसरी, कोपरा दारापासून लांब असतो, आणि लांब गेल्यावर प्रकाश वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. तिसरी, प्रकाश तिथे तिरका पडतो, संध्याकाळच्या उन्हासारखा, म्हणून पसरून पातळ होतो. या सगळ्या कपाती एकमेकींशी गुणल्या की नियम असा येतो, की कोनाच्या कोसाइनचा चौथा घात. 21 च्या लेन्ससाठी हिशेब करा. कोपऱ्याला मधल्याच्या एक चतुर्थांशाहूनही किंचित कमी प्रकाश मिळतो. 15 च्या लेन्समध्ये सुमारे एक दशांश. सगळी काच निर्दोष असली तरी. म्हणजे हा बनवणाऱ्याचा दोष नाही, तो भूमितीचाच भाग आहे.

गोएर्झच्या माणसांनी यावर काय केलं? त्यांनी लेन्सच्या पुढे एक छोटा चांदणीच्या आकाराचा पंखा बसवला. रबरी फुग्याने हवा मारली की तो गरगर फिरे. चांदणीचा मधला भाग मधला प्रकाश अडवी, टोकं कडेला थोडाच अडवत. काही वेळ पंखा फिरवायचा, मग खाली पाडायचा आणि उरलेला वेळ लेन्स मोकळी ठेवायची. मधल्याला थोडं उपाशी ठेवून कडेच्याला त्याच्या बरोबरीला आणण्याची ही युक्ती होती. सामाजिक न्यायाच्या चर्चेत आपण अशी भाषा वापरतो. इथे ती 1900 साली पितळेत घडवलेली दिसते.

आता प्रश्न येतो की इतका खटाटोप कोणासाठी? हौशी फोटोवाल्यांसाठी नव्हे. विसाव्या शतकात अतिरुंद भिंगांचा खरा गिऱ्हाईक होता नकाशे करणारा. विमानातून जमिनीचे फोटो काढायचे आणि त्यांवरून नकाशा करायचा. लेन्स जितकी रुंद, तितक्या कमी फेऱ्यांत प्रदेश उरकतो. पण नकाशावाल्याची अट कडक असते. फोटोच्या कडेला आलेलं गाव मधल्या गावाइतकंच जागेवर हवं. नदी वाकलेली असेल तर जमिनीवर वाकली म्हणून, लेन्सने वाकवली म्हणून नव्हे. 1933 साली झाइसच्या रॉबर्ट रिश्टर यांनी या कामासाठी ‘टोपोगॉन’ केली, सुमारे 100 अंश पाहणारी. ‘टोपो’ म्हणजे ठिकाण, हे ग्रीक तुम्ही जाणता. हिचीच 25 मिलिमीटरची धाकटी बहीण पुढे कॉन्टॅक्स कॅमेऱ्यावर आली.

मग लेनिनग्राडमध्ये मिखाइल रुसिनोव यांनी 1946 च्या सुमारास एक शहाणपणाची गोष्ट केली. गाभाऱ्याच्या दाराचा दाखला पुन्हा घ्या. त्यांनी लेन्सच्या दोन्ही टोकांना मोठ्या, खोल वाटीसारख्या काचा अशा बसवल्या, की कोपऱ्यातून पाहताना ते दार चिंचोळं होण्याऐवजी फुगून रुंद दिसावं. त्यामुळे चौथ्या घाताऐवजी साधारण तिसऱ्या घातावर येता आलं. 21 मिलिमीटरच्या हिशेबात कोपऱ्याला पावभर प्रकाशाऐवजी एक तृतीयांश. फरक थोडा वाटतो, पण भूमितीशी भांडून कोपऱ्याला जास्त प्रकाश मिळवून दिला, हे विसरू नका. त्यांच्याच नावाची ‘रुसार एमआर-2’ ही 20 मिलिमीटर, एफ 5.6 ची लेन्स 1958 मध्ये आली. ती जुन्या लायकाच्या आट्यांवर बसते. ‘एमआर’ म्हणजे मिखाइल रुसिनोव.

त्याच सुमाराला स्वित्झर्लंडमध्ये, हेअरब्रुगच्या विल्ड या सर्वेक्षणाची उपकरणं करणाऱ्या कारखान्यासाठी लुडविग बेर्टेले काम करत होते. आधी झाइससाठी ‘सोनार’ करणारे हेच बेर्टेले. त्यांनी विल्डसाठी विमानातली ‘एव्हिओगॉन’ केली, आणि त्याच विचारातून झाइससाठी नवी ‘बायोगॉन’. 1954 मध्ये कॉन्टॅक्सवर 21 मिलिमीटर, एफ 4.5 ची बायोगॉन आली, आणि खांद्यावर कॅमेरा टाकून रस्त्यावर फिरणाऱ्या माणसाच्या हातात पहिल्यांदा 90 अंशांची, चांगली प्रकाशवान, सरळ रेषेशी इमान राखणारी लेन्स पडली. लायकासाठी क्रॉयट्सनाखच्या श्नायडरने 21 मिलिमीटरची ‘सुपर-अँगुलोन’ केली. 1958 मध्ये एफ 4 ची, 1963 मध्ये एफ 3.4 ची. याच बायोगॉन घराण्यातली 60 मिलिमीटरची लेन्स 1969 मध्ये अपोलो 11 च्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यावर चंद्रावर गेली. तिच्यामागे काचेच्या पट्टीवर फुल्या कोरलेल्या होत्या, फोटोवरून मोजमाप करता यावं म्हणून. चंद्रावरच्या फोटोंत दिसणाऱ्या त्या बारीक फुल्या म्हणजे नकाशावाल्याची सही आहे.

शेवटचं टोक म्हणजे ‘होलोगॉन’. झाइसचे एर्हार्ड ग्लात्सेल यांची 15 मिलिमीटर, एफ 8. तीनच काचा, पण त्यातल्या बाहेरच्या दोन जवळजवळ गोळ्याच. 1969 मध्ये ती स्वतःच्या स्वतंत्र कॅमेऱ्यासह आली, 1972 मध्ये लायकाच्या कडीवर. ॲपर्चर बदलता येत नाही, कायमचं आठ. 110 अंश पाहणारी ही लेन्स कॅमेरा धरणाऱ्याची बोटंही फोटोत घेई, म्हणून कॅमेऱ्यासोबत पिस्तुलासारखी मूठ दिली जाई. आणि तिच्यासोबत एक गोल फिल्टर मिळे, मधे काळसर, कडेला स्वच्छ. तो लावला की प्रकाश चौपट लागतो, एफ 8 चा व्यवहार एफ 16 सारखा होतो. गोएर्झचा फिरता पंखा सत्तर वर्षांनी काच होऊन परत आला. कडेच्या न्यायाची किंमत दरवेळी मधल्यानेच मोजली आहे, ती टळलेली नाही.

इथपर्यंत प्रकाशाचा इतिहास झाला. आता आकाराचा. आणि इथे तत्त्वज्ञानाचा माणूस जरा पुढे सरसावतो.

तुमच्या घरातल्या लग्नाच्या अल्बममध्ये असे फोटो असतील. हॉल लहान, माणसं पुष्कळ, फोटोग्राफरने रुंद लेन्स लावली. मधे नवरा-नवरी सुरेख आणि कडेची मावशी दीडपट रुंद. मावशी म्हणते, ‘कॅमेरा खोटं बोलतो.’ फोटोग्राफर म्हणतो, ‘काकू, लेन्सच तशी आहे.’ दोघांचंही म्हणणं तपासायला हवं.

हिशेब करा. 21 च्या लेन्समध्ये अगदी कोपऱ्यात ठेवलेला चेंडू गोल येत नाही. तो मधल्यापासून बाहेरच्या दिशेने सुमारे 1.4 पट ताणला जातो. 15 च्या लेन्समध्ये 1.75 पट. आता त्याच कोपऱ्यात चेंडूऐवजी भिंतीवर टांगलेली गोल थाळी ठेवा, भिंत फिल्मला समांतर. ती थाळी मात्र बरोबर गोल येते! अजिबात ताण नाही. एकच लेन्स, एकच कोपरा, थाळी गोल आणि चेंडू लांबट. याचं कारण असं, की ही लेन्स सपाट जगाला सपाट फिल्मवर जसंच्या तसं उतरवते. विमानाखालची जमीन सपाट, म्हणून नकाशावाला खूश. पण मावशी सपाट नाही. तिच्या गालाला, खांद्याला घेर आहे. त्या घेराला ही भूमिती न्याय देऊ शकत नाही.

मग दुसरी भूमिती घेता येईल का? येते की. फिश-आय लेन्स चेंडू बऱ्याच अंशी गोल ठेवते, पण मग भिंती धनुष्यासारख्या वाकतात. दोन्ही एकदम मिळणार नाही. 1827 साली गाउस यांनी सिद्ध केलं, की गोलाचा पृष्ठभाग कुठेही न ताणता सपाट करता येत नाही. संत्र्याची साल टेबलावर सपाट बसवून पाहा. आपल्या डोळ्याभोवतीचं जग गोल आहे आणि कागद सपाट आहे. तेव्हा प्रत्येक रुंद चित्राने कशाशी तरी बेइमानी करायचीच असते. खरेपणा शक्य आहे, पण तो कशाशी, हे आधी ठरवावं लागतं. मावशीचं म्हणणं अर्धं खरं, फोटोग्राफरचंही अर्धंच.

चित्रकारांना हे कॅमेऱ्याच्या फार आधी कळलं होतं. लिओनार्दोने एका ओळीत उभ्या असलेल्या सारख्या जाडीच्या खांबांचा प्रश्न मांडला आहे. कडेचे खांब आपल्यापासून लांब असतात, म्हणजे डोळ्याला बारीक दिसायला हवेत, पण सपाट चित्रात नियमाने काढले तर ते जाड येतात. आणि आमच्या विषयातलं सर्वांत प्रसिद्ध चित्र घ्या, राफाएलचं ‘स्कूल ऑफ अथेन्स’. 1509 ते 1511 या काळात व्हॅटिकनच्या भिंतीवर रंगवलेलं. मधोमध प्लेटो आणि अॅरिस्टॉटल. कमानी, फरशा, सगळं कडक यथार्थदर्शनाच्या नियमाने काढलेलं. आता उजव्या कडेला पाहा. तिथे दोघांच्या हातात गोल आहेत, एक पृथ्वीचा, एक आकाशाचा. कमानींचा नियम लावला असता तर ते अंड्यासारखे लांबट यायला हवे होते. राफाएलने ते गोल काढले. तिथल्या माणसांचे चेहरेही त्याने ताणले नाहीत. म्हणजे इमारतीला एक नियम आणि माणसाला दुसरा. भूमितीच्या परीक्षेत ही चूक ठरेल. पण पाचशे वर्षांत त्या भिंतीसमोर उभं राहून कोणी सहसा तक्रार केलेली नाही. चित्रकाराच्या हाताला प्रत्येक आकृतीकडे वळून, तिच्या समोर जाऊन पाहण्याची मुभा होती. लेन्सला ती नाही. लेन्स एका जागी उभी राहते आणि सर्वांना एकच कायदा लावते. आपण समजतो की सर्वांना एकच कायदा म्हणजे न्याय. इथे दिसतं, की तेवढ्याने न्याय होतोच असं नाही.

मध्यंतरात एका श्रोत्यांनी फार चांगला प्रश्न विचारला. ते म्हणाले, ‘सर, मग आपल्या डोळ्याला कडेची माणसं ताणलेली का दिसत नाहीत?’ याचं उत्तर असं की फोटोलाही पाहण्याची एक योग्य जागा असते. 21 च्या लेन्सने काढलेला फोटो 30 सेंटिमीटर रुंद छापला, तर तो बरोबर मधोमध, एक डोळा मिटून, 17.5 सेंटिमीटरवरून पाहायला हवा. तिथून पाहिलं की कोपरा आपल्याला इतका तिरका दिसतो, की ताणलेला चेंडू पुन्हा गोल होतो. मावशी पुन्हा मावशी होते. पण माझ्या वयाच्या माणसाला 17 सेंटिमीटरवरचं काही स्पष्ट दिसत नाही, तरुणांनाही ते सुखाचं नाही. तोच फोटो 60 सेंटिमीटर रुंद छापा, मग योग्य अंतर 35 सेंटिमीटर होतं, वाचायचं पुस्तक धरतो तेवढं. म्हणून अतिरुंद लेन्सचे फोटो मोठे छापून जवळून पाहावेत. आपण उलट करतो. लहान छापतो, हातभर लांब धरतो, आणि लेन्सला नावं ठेवतो.

आता या लेन्स प्रत्यक्ष वापरायच्या कशा, ते थोडं सांगतो, कारण तुमच्यातले काही जण जुनी रुसार किंवा सुपर-अँगुलोन हाताळत असतील. पहिली गोष्ट, पाहायचं कुठून? 1954 च्या लायका एम3 च्या खिडकीतली सर्वांत रुंद चौकट 50 मिलिमीटरची. नंतरच्या एम2 मध्ये 35. 21 तिथे दिसतच नाही. म्हणून माथ्यावरच्या शूमध्ये वेगळा व्ह्यूफाइंडर सरकवायचा. त्यातून जवळचं, लांबचं, सगळं एकसारखं स्पष्ट दिसतं. पण फाइंडर लेन्सच्या वर बसतो, त्यामुळे जवळची वस्तू फोटोत थोडी वेगळ्या जागी येते. बऱ्याच फाइंडरमध्ये रेषा वाकलेल्या दिसतात, त्या फोटोत सरळ येतात. म्हणजे फाइंडर सांगतो एक आणि लेन्स करते दुसरं. हे अंतर वापरणाऱ्याने मनात भरून काढायचं.

दुसरी गोष्ट, अंतर. इथे ही लेन्स उदार आहे. 21 मिलिमीटर, एफ 8, आणि कडी 1.85 मीटरच्या आसपास ठेवली, की साधारण 90 सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ज्या कॅमेऱ्याचं नावच अंतरमापकावरून पडलं, त्याचा अंतरमापक इथे बहुतेक वेळा लागत नाही, ही त्यातली गंमत. तिसरी, कॅमेरा सपाट धरा. किंचित वर केला की इमारती मागे कलंडतात. होलोगॉनच्या कॅमेऱ्यात पाणसळ होती, फाइंडरमधून दिसणारी, गवंड्याकडे असते तशी. चौथी, प्रकाशमापक. एम5 पासून पुढे ज्या लायकांमध्ये मीटर आत आहे, त्यांत सुपर-अँगुलोनची लांब शेपटी त्याचा मार्ग अडवते. हातातला मीटर वापरावा, किंवा उन्हाच्या अंदाजाने काम करावं. डिजिटल लायकावर या लेन्सच्या कडांना लालसर, जांभळट झाक येते, कारण फिल्मला तिरका प्रकाश चालत असे, सेन्सरला तितका चालत नाही. 1980 मध्ये लायकानेच आपली नवी 21 ची लेन्स एसएलआरच्या लेन्ससारखी, लांब बसणारी केली, आणि सममित घराण्याचं राज्य तिथे संपलं. 1999 मध्ये जपानच्या कोसिनाने फोग्टलेंडर नावाने 15 मिलिमीटरची लहानशी लेन्स आणली, तेव्हा होलोगॉनचं स्वप्न सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागलं.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या लेन्समध्ये कडेला काय ठेवायचं, हे बटण दाबण्यापूर्वी ठरवा. भिंत ठेवा, दार ठेवा, फरशी ठेवा, आभाळ ठेवा. चेहरा ठेवू नका. ठेवावाच लागला, तर माणसाला मधे घ्या आणि स्वतः जवळ जा.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो? माझ्या नोकरीच्या काळात महाविद्यालयात दरवर्षी ग्रुप फोटो निघायचा. जुन्या काळी स्टुडिओचा माणूस तिपाई घेऊन मैदानात यायचा, लांब उभा राहायचा, डोक्यावर काळं कापड घ्यायचा. मधे खुर्चीवर प्राचार्य, दोन्ही बाजूंना विभागप्रमुख, मागे प्राध्यापक, आणि दोन्ही टोकांना शिपाईवर्ग उभा. ही रचना कोणी लिहून ठेवली नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती. तो लांब उभा राहायचा म्हणून टोकाचा माणूसही माणसासारखा यायचा. पुढे एका वर्षी पावसामुळे फोटो सभागृहातच काढायचा ठरला. नव्या फोटोग्राफरने रुंद लेन्स लावली आणि तीन पावलांवरून काम उरकलं. प्राचार्य उत्तम आले. आमच्या विभागाचे जे शिपाई होते, तीस वर्षं नोकरी केलेले आणि त्याच वर्षी निवृत्त होणारे, ते डाव्या टोकाला होते. डोकं बाजूला ओढलेलं, खांदा हातभर लांब, आणि चेहऱ्यावर अंधार. त्यांनी प्रत बराच वेळ पाहिली, मग टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘सर, हा घरी लावण्यासारखा नाही.’ त्यांच्याकडे नोकरीतला दुसरा फोटो नव्हता.

त्या वाक्याला भूमितीकडून उत्तर नाही. ‘17.5 सेंटिमीटरवरून पाहा’ असं मी त्यांना सांगू शकत नव्हतो. कोसाइनचा चौथा घात खरा आहे, ताण 1.4 पट खरा आहे, पण टोकाला कोणी उभं राहायचं हे कोसाइन ठरवत नाही. ते आपण ठरवतो. लेन्स कडेच्याकडून दंड वसूल करते, आणि कडेला कोण असेल हे समाजाने आधीच ठरवलेलं असतं. दोघं मिळून ते चित्र काढतात. फोटोग्राफरने दहा पावलं मागे जाऊन दुसरी लेन्स लावली असती किंवा माणसं कमानीसारखी वळवून उभी केली असती, तर तो दंड टळला असता. सभागृह लहान होतं, हे मान्य. पण मग निदान त्या दिवशी निवृत्त होणाऱ्या माणसाला मधे बसवता आलं असतं. त्यासाठी नव्या भिंगाची गरज नव्हती.

आज तुमच्यापैकी अनेकांच्या खिशातल्या फोनमध्ये सुमारे 120 अंशांची लेन्स आहे. होलोगॉनपेक्षा रुंद. 2019 साली गूगलच्या संशोधकांनी फोनसाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. फोनने चेहरे ओळखायचे, कडेच्या चेहऱ्यांपुरती भूमिती बदलायची, आणि मागच्या भिंती मात्र सरळच ठेवायच्या. म्हणजे राफाएलने केलं तेच, आता आकडेमोडीने. मला ही गोष्ट आनंदाची वाटते. कडेच्या माणसासाठी कोणीतरी विचार केला. पण एक फरक आहे. राफाएलने नियम मोडला तो पाहून, समजून मोडला. फोन न विचारता मोडतो, आणि आपल्याला कळतही नाही की इथे निवड झाली. जे आपल्या नकळत ठरतं, त्याची जबाबदारी कोणी घ्यायची, हा प्रश्न तसाच उरतो.

जुन्या रेंजफाइंडरवर 21 ची लेन्स लावून फिरणाऱ्या माणसाला ही सोय नव्हती. लेन्स काय पाहते हे त्याला खिडकीतून नीट दिसतच नसे. त्याला आधी कुठे उभं राहायचं ते ठरवावं लागे, कडेला काय येईल ते मनात मांडावं लागे, आणि मगच बटण दाबावं लागे. मी त्या यंत्राची भलामण यासाठी करत नाही की ते जुनं आहे. ते यंत्र तुमच्यासाठी काहीही ठरवत नाही, म्हणून करतो.

तेव्हा पुढच्या वेळी घरातला, ऑफिसातला, सोसायटीतला ग्रुप फोटो काढाल, तेव्हा एवढंच करा. बटण दाबण्याआधी दोन्ही टोकांकडे पाहा. तिथे नेहमी कोण उभं असतं ते बघा. आणि एकदा तरी त्यांना आत बोलवा.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.